माउथवॉशनं दात किडवणारे जंतू खरंच मरतात का?

रेवा_नाशिक · ४ जानेवारी, रात्री १०.२०

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. गेल्या मे महिन्यात तिच्या दुधाच्या दोन दाढा किडल्या म्हणून सिमेंट भरून घेतलं. मी ते फार मनाला लावून घेतलं होतं. नात्यातल्या एकींनी सांगितलं की नुसत्या ब्रशनं भागत नाही, जंतू मारायला माउथवॉश हवंच. मग दुकानातून जांभळ्या रंगाची, लहान मुलांना चालेल असं लिहिलेली बाटली आणली. '९९.९ टक्के जंतूंचा नाश' असं तिच्यावर ठळक छापलेलं होतं. तेव्हापासून एक दिवस न चुकता, सकाळी आणि रात्री ब्रश झाला की लगेच अर्धा मिनिट खळखळून चूळ. मी शेजारी उभी राहून करून घेतलं.

काल दाखवायला नेलं. डॉक्टर म्हणाल्या, खालच्या शेवटच्या दाढेच्या खाचेत कीड धरायला लागली आहे आणि वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे आलेत. ती शेवटची दाढ दुधाची नाही, कायमची आहे, हेही मला कालच कळलं.

आठ महिने ९९.९ टक्के जंतू मरत होते तर ही कीड आली कुठून? माझं नेमकं काय चुकलं? दवाखान्यात गर्दी होती, सगळं विचारता आलं नाही. कुणाला माहिती असेल तर सविस्तर सांगा.

माणदेशी · ४ जानेवारी, रात्री १०.५२

रेवाताई, स्वतःला दोष देऊ नका. आमच्या घरी धाकट्याचं असंच झालं. हिरवं माउथवॉश, महागातलं, तरी तीन दाढा गेल्या. इथे एक दंतवैद्य नियमित लिहितात, त्या वाचतील अशी आशा आहे.

प्रयोगवही · ४ जानेवारी, रात्री ११.४०

मी दंतवैद्य नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून त्या ९९.९ बद्दल लिहितो.

हा आकडा बहुतेक वेळा परीक्षानळीतला असतो. पोषक द्रवात जंतू वाढवायचे, ते मोकळे तरंगत असतात, त्यात औषध घालायचं, तीस सेकंदांनी किती जगले ते मोजायचं. त्या परिस्थितीत आकडा खरा असतो. पण दातावर जंतू मोकळे तरंगत नाहीत. ते एकावर एक थर रचून, स्वतः तयार केलेल्या चिकट पदार्थात रुतून बसलेले असतात. नखानं दात खरवडला की जो पांढरट बुळबुळीत थर निघतो ना, तोच. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात, आमच्या भाषेत बायोफिल्म. तोच जंतू, तेच औषध, पण थरात बसलेल्या जंतूला मारायला कित्येकदा शेकडो पट जास्त मात्रा लागते.

ही गोष्ट नवी नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहूक यानं १६८३ साली स्वतःच्या दातांमधला मळ स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाहिला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवलं की यात जिवंत प्राणी वळवळताहेत. मग त्यानं व्हिनेगरनं चूळ भरून पाहिली. मळ काढून त्यात व्हिनेगर मिसळलं की प्राणी मरत होते, पण चूळ भरल्यावर दातांवरचे मात्र जिवंतच सापडत होते. त्यानं निष्कर्ष काढला की व्हिनेगर वरवरच्यांना मारतं, मळाच्या आतपर्यंत पोचत नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या माणसानं तीनशे चाळीस वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. मला हे जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा त्याच्याबद्दल आदर वाटतो.

आता साधं गणित. एक मिलिलिटर लाळेत साधारण दहा कोटी जंतू असतात. खरोखर ९९.९ टक्के मेले असं धरलं तरी एक लाख उरले. ते दर दोन तासांनी दुप्पट होतात असं समजा, तर दहा वेळा दुप्पट झाले की परत दहा कोटी. म्हणजे वीस तास. दातावरच्या थरातले तर मेलेलेच नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात भर त्याहून लवकर पडते.

दंतवैद्य_ताई · ५ जानेवारी, दुपारी २.१५

रेवाताई, मुलांच्या दातांचं काम करते, वीस वर्षं होतील आता. तुमचा धागा सकाळी वाचला, पण पेशंट संपल्याशिवाय नीट लिहिता आलं नसतं.

आधी कीड म्हणजे काय ते बघू, मग माउथवॉश. 'कीड' शब्दामुळे आपल्याला वाटतं की काहीतरी शत्रू बाहेरून येऊन दात कुरतडतो. माझ्या लहानपणी गावाकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा काढायचे, लोकांना तो वाटीत पडलेला दाखवायचे. तसा किडा नसतो. डब्ल्यू. डी. मिलर नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं बर्लिनमध्ये काम करून १८९० साली मांडलं की तोंडातले जंतू पीठ-साखर आंबवून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. पुढे १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक गोल जंतू वेगळा काढला. त्याचे आकार बदलते दिसले म्हणून नाव ठेवलं स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. साखर मिळाली की हा आम्लही बनवतो आणि दाताला चिकटून राहण्यासाठी डिंकासारखा पदार्थही बनवतो. या दोन गुणांमुळे तो कुप्रसिद्ध झाला.

मग अनेक वर्षं सगळ्यांना वाटलं, म्युटन्स मारा की कीड संपली. तसं झालं नाही. म्युटन्स भरपूर असूनही दात धड असलेली मुलं आहेत, आणि म्युटन्स जवळजवळ नसूनही तोंडभर कीड असलेली मुलं आहेत. तोंडात शेकडो प्रकारचे जंतू नांदतात. वारंवार साखर मिळाली की आम्लात तग धरणारे वाढतात, बाकीचे मागे पडतात. एखाद्या शेतात रोज पाणी तुंबवलं की ज्वारी जाऊन लव्हाळाच माजतो, तसं. फिलिप मार्श यांनी १९९४ साली हा विचार नीट मांडला आणि आज आम्ही कीड याच नजरेनं बघतो. लव्हाळ्यावर औषध मारत राहाल आणि पाणी तुंबलेलंच ठेवाल, तर काय होणार?

आता तुमचं नेमकं काय झालं असेल. बाटलीवर मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते बघून सांगा. आणि मुलीची टूथपेस्ट कोणती आहे, त्यात फ्लोराईड आहे का, हेही. रात्री झोपताना ती काय खाते-पिते? हे तिन्ही कळलं की पुढचं लिहिते.

रेवा_नाशिक · ५ जानेवारी, दुपारी ४.०५

डॉक्टर, मनापासून आभार. बाटलीवर सेटिलपिरिडिनियम क्लोराईड (जंतुनाशक) लिहिलंय, फ्लोराईडचा उल्लेख कुठेच नाही. टूथपेस्ट फ्लोराईडची आहे, १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार.

झोपताना ती दूध पिते. चॉकलेटची पावडर घालून, नाहीतर पीतच नाही. ब्रश आधी होतो, दूध नंतर. कधी कधी दूध पिता पिताच झोपते.

दंतवैद्य_ताई · ५ जानेवारी, संध्याकाळी ७.३०

धन्यवाद. आता चित्र स्पष्ट झालं.

पहिली गोष्ट दुधाची. साखर दाताला लागली की काही मिनिटांत थरातली आम्लता वाढते. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हे मोजून दाखवलं. पीएच हे आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, विरघळू लागतं, आणि लाळेला तो परत वर आणायला अर्धा तास ते तास लागतो. जागेपणी हे काम लाळ करते. झोपेत लाळ जवळजवळ आटते. म्हणजे त्या चॉकलेटच्या दुधाचा थर रात्रभर तिथेच. पुढच्या दातांवर हिरडीलगतचे पांढरे पट्टे बहुधा त्याचेच आहेत.

दुसरी गोष्ट तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगायलाच हवी. टूथपेस्टमधलं फ्लोराईड ब्रशनंतर दातावर रेंगाळायला हवं असतं. तेच मूळ औषध. तुम्ही ब्रश झाल्या झाल्या बिनफ्लोराईडच्या द्रवानं खळखळून चूळ भरायला लावलीत, म्हणजे ते धुऊन टाकलंत. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम फ्लोराईडची मर्यादा आहे. फ्लोराईडच्या माउथवॉशमध्येसुद्धा ते साधारण २२५ पीपीएमच असतं. म्हणजे फ्लोराईडचं माउथवॉश वापरलं तरी ब्रशनंतर लगेच वापरल्यास तीव्र औषध धुऊन सौम्य लावल्यासारखं होतं. ब्रशनंतर नुसतं थुंकायचं. चूळ भरायची नाही. ज्यांना माउथवॉश घ्यायचं आहे त्यांनी ते दुसऱ्या वेळेला घ्यावं, उदाहरणार्थ शाळेतून आल्यावर.

तुम्ही काळजी घेतली नाहीत असं मुळीच नाही. तुम्हाला कुणी हे सांगितलं नाही. बाटलीवर लिहायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे.

सातासमुद्रापलीकडे · ५ जानेवारी, रात्री ९.१८

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे दवाखान्यात भिंतीवरच लिहिलेलं असतं, थुंका पण चूळ भरू नका. आईला फोनवर सांगितलं तर तिला पटेना. 'तोंड न धुता कसं झोपायचं?' आपल्याला लहानपणापासून काहीही खाल्लं की चूळ भर असंच शिकवलंय. पहिले आठ दिवस मलाही तोंडात फेस राहिल्यासारखं वाटायचं.

जुनी_पेठ · ५ जानेवारी, रात्री ९.४४

जेवणानंतर चूळ भरायची आपली सवय मग चुकीची का? आमच्या घरी पानावरून उठलं की मोरीत जाऊन तीन-चार चुळा भरल्याशिवाय वडील कुणाला पुढे जाऊ देत नसत.

दंतवैद्य_ताई · ५ जानेवारी, रात्री १०.०२

अजिबात चुकीची नाही, फार चांगली आहे. जेवणानंतर साध्या पाण्यानं चूळ भरली की अन्नाचे कण आणि साखर निघून जाते, आम्लही थोडं पातळ होतं. ती सवय मुलांना जरूर लावा. ब्रश झाल्यावरची चूळ तेवढी टाळायची. दोन्हींमध्ये गोंधळ नको.

तीळगूळ · ६ जानेवारी, सकाळी ८.१०

तेलाच्या गुळण्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. मी चार वर्षं रोज सकाळी तिळाच्या तेलाचा गंडूष करते. माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं ते थांबलं. आयुर्वेदात हे हजारो वर्षांपूर्वी सांगितलंय आणि रसायनं नाहीत. मुलांना हेच का देऊ नये?

प्रयोगवही · ६ जानेवारी, सकाळी ९.३५

सुश्रुतसंहितेत दोन वेगळ्या क्रिया आहेत. तोंडात सहज फिरवता येईल एवढं द्रव्य म्हणजे कवल, आणि तोंड इतकं भरायचं की ते फिरवताच येत नाही, तो गंडूष. चरकसंहितेत तेलाच्या गंडूषाचे गुण सांगताना दात दुखत नाहीत, आंबट खाऊन आंबत नाहीत, त्यांचा क्षय होत नाही, असं म्हटलंय. 'दात आंबणे' हा आपला रोजचा शब्द तिथे जसाच्या तसा अर्थानं भेटतो याचा मला आनंद होतो.

आधुनिक चाचण्याही झाल्या आहेत. चेन्नईत वीस किशोरवयीन मुलांवर केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. दहा मुलांना तिळाचं तेल, दहांना क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक माउथवॉश, दोन आठवडे. दोन्ही गटांत म्युटन्सची संख्या घटली. पण मुलं वीसच आणि दिवस चौदा. संख्या घटली हे मोजलं गेलं. नवीन कीड कमी झाली का, हे दोन आठवड्यांत मोजताच येत नाही, त्याला दोन-तीन वर्षं मुलांच्या मागे राहावं लागतं. या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. जंतू कमी होणं आणि कीड कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दंतवैद्य_ताई · ६ जानेवारी, दुपारी १.५०

प्रयोगवहींनी नेमकं लिहिलं. तीळगूळताई, तुमच्या हिरड्यांना बरं वाटतंय तर जरूर चालू ठेवा, फक्त फ्लोराईडच्या पेस्टनं ब्रश करणं सोडू नका. लहान मुलांना मात्र तोंडभर तेल देऊ नका. ठसका लागून तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

आता क्लोरहेक्सिडिनचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करते, कारण आपल्याकडे औषधाच्या दुकानात ०.२ टक्क्याची बाटली सहज मिळते आणि लोक महिनोन्महिने वापरतात.

जंतू मारण्यात याच्या तोडीचं दुसरं माउथवॉश नाही. डेन्मार्कमध्ये लोए आणि शिओट यांनी १९७० साली दाखवलं की दिवसातून दोनदा १० मिली, ०.२ टक्के, एवढ्यानं ब्रश न करताही प्लाक जमला नाही आणि हिरड्या सुजल्या नाहीत. ते दाताला आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला चिकटतं आणि पुढचे कित्येक तास हळूहळू सुटत राहतं. म्हणून दाढ काढल्यावर, हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर, जबडा तारेनं बांधलेला असताना आम्ही ते आवर्जून देतो.

पण किडीसाठी? म्युटन्स त्याला फार हळवा आहे, संख्या झपकन उतरते. औषध थांबवलं की काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत, दाढांच्या खाचांतून आणि जुन्या सिमेंटच्या कडांतून तो परत पसरतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञांनी २०११ साली सगळे पुरावे तपासून सांगितलं की कीड रोखण्यासाठी क्लोरहेक्सिडिनच्या चुळांची शिफारस करता येत नाही. मुलांमध्ये त्याची जेल आणि दातावर फासायचं व्हार्निश वापरून झालेल्या चाचण्यांचा कोक्रेन आढावा (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणारा) २०१५ साली आला, त्यातही फायदा दिसला नाही. उलट जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी होतात, चव जाते, दगड म्हणजे टार्टर वाढतो. साध्या टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या पदार्थानं ते निकामीही होतं, म्हणून ब्रश आणि ते यांच्यात निदान अर्धा तास हवा. हे सांगणारे फार थोडे असतात.

कोकणकडा · ६ जानेवारी, दुपारी ३.२०

मला रक्तदाबाचा त्रास आहे. माउथवॉशनं बीपी वाढतं असं एका गटात फिरत होतं. अफवा का?

प्रयोगवही · ६ जानेवारी, दुपारी ४.४५

पूर्ण अफवा नाही. पालेभाज्यांतलं नायट्रेट जिभेवरचे काही जंतू नायट्राइटमध्ये बदलतात, ते पोटात जाऊन पुढे नायट्रिक ऑक्साईड बनतं आणि त्यानं रक्तवाहिन्या सैल राहतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका प्रयोगात १९ निरोगी माणसांना आठवडाभर क्लोरहेक्सिडिननं चुळा भरायला लावल्या, तेव्हा रक्तदाब २ ते ३.५ अंकांनी वाढला. लहान प्रयोग आहे. घाबरून जाण्यासारखं नाही. पण तोंडातले सगळे जंतू शत्रू नसतात हे त्यातून कळतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते औषध रोज वापरू नका, आणि बीपीच्या डॉक्टरांना विचारा.

सह्याद्रीवारा · ६ जानेवारी, रात्री ८.३०

मग माउथवॉश कुणालाच नको का? माझ्या वडिलांना तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन दिलं. लाळ पार आटली. सहा महिन्यांत दातांच्या मानेपाशी गोल गोल कीड फिरली, आधी त्यांचे दात उत्तम होते. तेव्हा दंतवैद्यांनी रोज फ्लोराईडच्या चुळा आणि साच्यात घालून लावायची फ्लोराईडची जेल दिली. त्यानं उरलेले दात टिकले. कुणी हा धागा वाचून ते बंद करू नये म्हणून लिहितोय. रेडिएशन सुरू होण्याआधी दात दाखवून घ्या हेही मला सांगायचंय, आम्हाला ते उशिरा कळलं.

दंतवैद्य_ताई · ६ जानेवारी, रात्री ९.१५

सह्याद्रीवारा, हे लिहिलंत फार बरं झालं. वडिलांना नमस्कार सांगा.

फ्लोराईडच्या चुळांचा पुरावा भक्कम आहे. २०१६ च्या कोक्रेन आढाव्यात ३७ चाचण्या, पंधरा हजारांहून जास्त मुलं. शाळेत देखरेखीखाली नियमित चुळा भरणाऱ्या मुलांच्या कायमच्या दातांतली कीड सरासरी २७ टक्क्यांनी कमी झाली. रोजच्यासाठी ०.०५ टक्के सोडियम फ्लोराईड, आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा द्यायचं तर ०.२ टक्के. यात जंतू मारणं हा मुख्य भाग नाहीच. फ्लोराईड विरघळलेला दात पुन्हा भरून यायला मदत करतं आणि नवीन भरलेला भाग आम्लाला जास्त दाद देत नाही. ज्यांना तारा लावल्या आहेत, ज्यांची लाळ कमी आहे, ज्यांना वरचेवर कीड लागते, त्यांना मी ते देते. सहा वर्षांखालच्या मुलाला नाही, कारण ते गिळतात.

विदर्भवासी · ७ जानेवारी, सकाळी ७.४०

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त. गावातल्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत, काही म्हाताऱ्यांची हाडं वाकलीत. इथे फ्लोराईड चांगलं असं वाचून लोक बाटल्या आणतील. त्यांना काय सांगायचं?

दंतवैद्य_ताई · ७ जानेवारी, दुपारी १.३०

तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत हा प्रश्न खरा आहे. डाग पडतात ते हिरडीच्या आत दात तयार होत असताना पोटात गेलेल्या फ्लोराईडमुळे. तिथे पहिली गरज पाणी तपासून दुसऱ्या स्रोताचं पिण्याची. फ्लोराईडच्या चुळा अशा गावातल्या मुलांना स्वतःहून सुरू करू नका. टूथपेस्ट वापरायला हरकत नाही, पण लहान मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी, आणि थुंकतोय ना ते मोठ्यांनी बघायचं.

जुनी_पेठ · ७ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

जाहिरातींबद्दल एक माहिती. लिस्टरीन १८७९ साली अमेरिकेत सेंट लुईसला तयार झालं, शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून. त्यानं सर्दी आणि घसादुखी टळते असं अनेक वर्षं सांगितलं जायचं. १९७५ साली तिथल्या व्यापार आयोगानं आदेश दिला की त्यानं हे होत नाही असं कंपनीनं स्वतःच्याच जाहिरातीत लिहायचं, आणि १९७७ साली न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला. पुढे २००५ साली 'फ्लॉसइतकंच (दातांच्या फटीत फिरवायच्या दोऱ्याइतकंच) परिणामकारक' हा दावाही न्यूयॉर्कच्या न्यायालयानं दिशाभूल करणारा ठरवला. आपल्याकडेही दाव्यांची अशीच कसून तपासणी व्हायला हवी. एका आईनं आठ महिने रोज शेजारी उभं राहून जे केलं ते त्या छापील आकड्यावर विश्वास ठेवून केलं.

माणदेशी · ७ जानेवारी, रात्री ९.००

डॉक्टर, आमच्याकडे अजून बायका सकाळी मशेरी लावतात. माझी आई म्हणते त्यानं कीड मरते, दाढेचा ठणका थांबतो.

दंतवैद्य_ताई · ७ जानेवारी, रात्री ९.२५

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ठणका बधिर होतो, कीड आत चालूच राहते. हिरड्या खाली सरकतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. आईंना रागावू नका, पण एकदा तोंड तपासून घ्या. गालाच्या आत पांढरा चट्टा असेल तर लगेच.

रेवा_नाशिक · ८ जानेवारी, सकाळी ११.००

सगळं दोनदा वाचलं. घरी यादी केली तर मुलगी दिवसातून सात वेळा काहीतरी गोड खाते असं निघालं. सकाळचं दूध, छोट्या सुट्टीत बिस्किटं, डब्यात जॅमपोळी, रिक्षात गोळी, संध्याकाळी परत बिस्किटं, क्लासनंतर काहीतरी, आणि झोपतानाचं दूध. प्रत्येक वेळी थोडंच म्हणून कधी लक्षातच आलं नाही. गोड पूर्ण बंद करू का?

दंतवैद्य_ताई · ८ जानेवारी, दुपारी २.४०

पूर्ण बंद केलंत तर आठ दिवस टिकेल. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व आहे. हे ज्या प्रयोगातून पक्कं कळलं तो स्वीडनमधल्या विपेहोल्म इथला, १९४५ नंतरचा. तिथल्या संस्थेत ठेवलेल्या मतिमंद रुग्णांना मुद्दाम जेवणांच्या मधे चिकट टॉफ्या खायला दिल्या आणि त्यांचे दात किडू दिले. त्यांची संमती कुणी घेतली नव्हती. हे ज्ञान आम्ही रोज वापरतो, म्हणून ते कुणाच्या दातांवर मिळालं हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते.

तुम्ही गोड जेवणासोबत द्या. पुरणपोळी, शिरा, लाडू, जे हवं ते, पण ताटात. मधल्या वेळेला चणे-फुटाणे, काकडी, शेंगदाणे, ताक. झोपतानाचं दूध साधं, आणि ब्रशच्या आधी. ब्रशनंतर फक्त पाणी. कायमच्या चारही दाढांच्या खाचा सीलंटनं, म्हणजे दातावर लावायच्या पातळ लेपानं, बुजवून घ्या, कीड धरलेली आधी डॉक्टरांना बघू द्या. सहाव्या वर्षी ही दाढ दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते, कुठला दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. सगळ्यात जास्त किडते तीच. पांढऱ्या पट्ट्यांवर फ्लोराईडचं व्हार्निश दर तीन ते सहा महिन्यांनी लावून घ्या. ती बाटली राहू द्या बाजूला. मुलीला हवीच असेल तर फ्लोराईडची आणा आणि शाळेतून आल्यावर द्या.

रेवा_नाशिक · १९ जुलै, रात्री ९.५०

धागा वर काढतेय. काल सहा महिन्यांची तपासणी झाली. खालच्या दाढेत छोटं सिमेंट भरलं होतं, बाकी तीन दाढांना सीलंट. नवीन कीड नाही. पुढच्या दातांवरचे पांढरे पट्टे गेले नाहीत, पण आधी खडबडीत, खडूसारखे होते ते आता गुळगुळीत आणि चकचकीत झालेत. डॉक्टर म्हणाल्या, तिथली झीज थांबली आहे.

चॉकलेटच्या पावडरीवरून पहिले पंधरा दिवस रोज रडारड झाली. सासूबाईंनी जायफळ घालून दूध दिलं, तिथून सुटलो.

आता धाकट्याचं विचारायचंय. तो सहा वर्षांचा होईल. खाली मागे हिरडीतून पांढरं टोक दिसतंय. लगेच सीलंटला नेऊ का?

दंतवैद्य_ताई · २० जुलै, दुपारी २.०५

खूप आनंद झाला वाचून. पट्टे चकचकीत होणं हीच खूण असते.

धाकट्याची दाढ अजून अर्धी आहे. तिच्यावरची हिरडीची झालर मागे सरकली आणि खाच पूर्ण उघडी पडली की आणा, त्याआधी तिथे कोरडं ठेवता येत नाही आणि सीलंट निघून जातं. तोवर धोका जास्त असतो, कारण ही दाढ शेजारच्यांपेक्षा खाली असते आणि नेहमीसारखा ब्रश तिच्यावरून नुसता जातो, टेकत नाही. त्याला मांडीवर डोकं ठेवून झोपवा, गाल बोटानं बाजूला धरा आणि छोटा ब्रश बाजूनं आडवा आत घालून फक्त त्या एका दाढेवर दहा-पंधरा वेळा फिरवा. रात्री, तुम्ही स्वतः.

रेवा_नाशिक · २० जुलै, रात्री ९.३०

आज केलं. तीन वेळा बोट चावलं त्यानं, पण दाढेवर ब्रश टेकला.